‘माझ्याकडे तर चालतंय!’ला उतारा

1976 साल. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. अख्खी सकाळ ते प्रोग्रॅममधली एक चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, ती फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच घोळात गेली होती. त्यातून त्यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं. मग फायलींच्या तारखा-वेळा पाहून पुन्हा काय कंपाइल करायचं ते मेक ठरवणार. त्यातली आज्ञा टॅबनेच सुरू व्हावी लागते, हा जाच नवखे अजून सोसतात. तो काढायचं मनात येईतो डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची घडी कशाला विस्कटा, म्हणून टॅब राहिला तो राहिलाच.

स्वयंचलित बिल्डचं, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम आपोआप बनवण्याचं, कुळ इथून सुरू होतं, आणि पुढची प्रत्येक पिढी कुणावरचा तरी भरवसा काढून घेत गेली. मेकने तो माणसाच्या स्मरणशक्तीवरून काढला. त्याच्या मशीनवरचा मात्र शाबूत होता.

तो सुटला डेबियनमध्ये. इयन मरडॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस स्वयंसेवक आपापल्या इंटेल पीसीवर बनवत. मग अमिगा आणि अटारी संगणकांतल्या मोटोरोला 68000 घराण्यातल्या प्रोसेसरसाठी डेबियन तयार करायला काही जण सरसावले. नवं पॅकेज आलं की ते आपल्या मशीनवर पुन्हा कंपाइल करायचं, आणि दोघांनी एकच काम करू नये म्हणून ‘हे मी घेतलं’ असं सगळ्यांना कळवायचं. वेळ जाई, चुका होत.

याच गटातल्या रोमान होडेक यांनी त्यावर तीन प्रोग्रॅम लिहिले. ‘वॉना-बिल्ड’ कोणतं पॅकेज कुठे बाकी आहे याची नोंद ठेवतो. ‘बिल्डडी’ त्यातून काम उचलतो. ‘एसबिल्ड’ ते कोऱ्या, बंदिस्त वातावरणात पार पाडतो. या बंदिस्तपणाची सोय ‘सीएचरूट’मुळे युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 1979 पासूनच होती. पॅकेजने जेवढ्या लायब्रऱ्या मागितल्या असतील तेवढ्याच तिथे बसवल्या जातात. डेव्हलपरच्या पीसीवर वर्षानुवर्षं साठलेली एखादी लायब्ररी यादीत लिहायची राहिली, की त्याच्याकडे बिनबोभाट होणारं बिल्ड इथे आपटतं आणि लॉगमध्ये कारण उमटतं. सुरुवातीला हे लॉग माणूस वाचे आणि सही करून पॅकेज पुढे पाठवी. पुढे सहीही यंत्राकडे गेली. 2002 च्या डेबियन 3.0 ने अकरा प्रकारच्या प्रोसेसरांना आधार दिला. हाताने ते निभावलं नसतं. 2019 मध्ये तर डेबियनने ठरवलं की पुढच्या आवृत्तीत डेव्हलपरने घरी बनवलेली बायनरी, म्हणजे कंपाइल झालेला तयार प्रोग्रॅम, चालणार नाही. सोर्स द्या, बिल्ड आमच्या सर्व्हरवर होईल.

पण त्या सर्व्हरमध्येच कुणी घुसखोरी केली तर? 2013 पासून डेबियनमध्ये ‘रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स’चं काम सुरू झालं होतं. एकाच सोर्सपासून दोन वेगळ्या मशीनवर निघालेल्या बायनऱ्या बिट न् बिट जुळल्या पाहिजेत, म्हणजे एका सर्व्हरवरची घुसखोरी लपणार नाही. आड येणाऱ्या गोष्टी क्षुल्लक होत्या: बायनरीत शिरलेली बिल्डची वेळ, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम. त्या एकेक करून निपटाव्या लागल्या.

उरला कंपाइलर. तोच बिघडवलेला असेल तर सोर्स वाचून काही कळणार नाही, हे युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं. त्याला ग्विक्स या प्रकल्पाने 2023 मध्ये उत्तर दिलं: बिल्ड हाकणारी काही साधनं सोडली, तर कंपाइलरपर्यंतची सगळी साखळी 357 बाइटच्या एका प्रोग्रॅमपासून उभी करायची. एवढा छोटा प्रोग्रॅम कुणीही जाणकार एकेक बाइट वाचून तपासू शकतो. माणसाचा भरवसा नको म्हणून वाढलेल्या या कुळाला शेवटी माणसाच्याच डोळ्यांची साक्ष काढावी लागली आहे.