शेकोटीजवळ जरा सरकून बसा

जोडे काढा, घड्याळही काढून ठेवा. तुम्ही वारानच्या खाडीकाठी उभे आहात. पुढे इथेच सिडनी शहर वसणार आहे, पण अजून एकही गोरा माणूस इथे उतरलेला नाही. हिवाळ्यातली संध्याकाळ. पायाखाली शिंपल्यांचा खच करकरतोय.

आधी नाकात घुसतो तो माशाच्या तेलाचा उग्र दर्प. थंडी आणि किड्यांपासून बचाव म्हणून इथल्या लोकांनी ते अंगाला चोपडलेलं असतं. नाक दाबू नका, थोड्या वेळाने तुम्हीच मागून घ्याल.

पाण्यावर बायका गात गात मासे धरताहेत. झाडाच्या सालीच्या त्यांच्या होड्यांचे काठ पाण्याच्या जेमतेम वर. आत मातीच्या थरावर विस्तव, हातात शंखाच्या गळाची दोरी. शिंपल्यांचं मांस चावून त्या पाण्यात थुंकतात. मासे भुलून जवळ येतात. पहिला मासा तिथेच भाजून पोरांच्या तोंडात जातो.

आता कपारीतल्या शेकोटीपाशी या. धुराने डोळे चुरचुरतात, पोरांचा गलका चाललाय, आणि तुमच्या मांडीला काहीतरी ओलं लागतं. दचकू नका, नाक आहे ते. तांबूस अंग, ताठ कान, पांढरे पंजे; थेट आपला गावठी कुत्राच. फक्त सहसा भुंकत नाही. याचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी माणसांसोबत समुद्र ओलांडून आले. हा मात्र गेल्या हिवाळ्यात बिळातून उचलून आणलेला, शेजारच्या बाईने जिवापाड वाढवलेला. ‘डिंगो,’ ती सांगते.

तेवढ्यात टेकडीवरून लांबलचक हेल येतो, मग दुसरा. हे ‘वारिगल’, म्हणजे याचेच रानात राहणारे भाऊबंद. याचे कान तिकडे वळतात. गळ्यात दोरी नाही, दावं नाही. वयात आला की हाही एखाद्या रात्री निघून जाईल, जोडीदार शोधेल, आणि त्याला कोणी अडवणार नाही. पुढच्या हिवाळ्यात बिळात नवी पिल्लं असतीलच.

तोवर थंडीत पाठीला पाठ लावून झोपायला याच्यासारखं पांघरूण नाही. पिसवा मात्र सोबत येणार. आणि हेल ऐकत बसलात ना? तुमच्या हातातला मासा त्याने केव्हाच पळवलाय. बाई हसून लोळतेय. दुसरा हवा असेल तर विस्तवात तुमच्या हाताने भाजायचा, आणि यावेळी नजर माशावर ठेवायची.