राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम

लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात अर्थात ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्धची भारत सरकारची देशव्यापी लसीकरण मोहीम. प्रारंभ ११ सप्टेंबर २०१९, मथुरा. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद होती. २०२५ पर्यंत नियंत्रण आणि २०३० पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट ठरले.

या उद्दिष्टामागे बुळकांडीवरच्या विजयाचा आत्मविश्वास आहे. तो रोग देशातून लसीकरणानेच गेला आणि २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. मात्र बुळकांडीची लस एकदा टोचली की जनावराला बहुधा जन्मभर पुरे. लाळ्या-खुरकुताचे तसे नाही. त्याच्या विषाणूचे सात प्रकार असून एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध कामी येत नाही. भारतातील लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात. तिचा प्रभाव जेमतेम सहा महिने टिकतो, म्हणून टोचणी वर्षातून दोनदा. बऱ्या झालेल्या गाई-म्हशींच्या घशातही विषाणू कित्येक महिने राहू शकतो. त्यामुळे एखादी फेरी चुकली, तर आधीच्या फेऱ्यांची मेहनत पाण्यात जाते.

या रोगात तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते. मोठी जनावरे सहसा दगावत नाहीत, वासरे मात्र हृदयावर परिणाम होऊन अचानक मरतात. दुधाचा तोटा सर्वांत मोठा. तरीही ‘लस दिली की दूध आटतं’ म्हणून टोचणी टाळणारे पशुपालक आहेत. दूध घटते ते दोन-चार दिवस, रोगात कधी अख्खे वेतच वाया जाते.

सांसर्गिक गर्भपाताविरुद्धची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. तिच्यात जिवंत जंतू असतात. टोचताना सुई स्वतःच्या बोटाला लागली, तर लस देणाऱ्यालाच ताप जडू शकतो. म्हणून हातमोजे व चष्मा हवाच.

लस गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न्यावी लागते. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून त्याची ऑनलाइन नोंद होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून असा बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे.