अंमलबजावणीचे कलम

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो युनायटेड स्टेट्समधील सज्जन लोकांना अर्पण केला. गुलामांच्या मुक्ततेसाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाचा तो गौरव होता, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा होती. ज्या वचनावर पुण्याच्या या थोर पुरुषाने एवढा भरवसा ठेवला, त्याचे पुढे काय झाले, हे पाहणे आपल्याला प्राप्त आहे.

वचन लहानसहान नव्हते. सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सांगितले होते. तथापि १७८७ साली तयार झालेल्या घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. यादवी युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ साली गुलामी नष्ट झाली, १८६८ साली नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले, आणि वंश वा वर्ण यांमुळे मताधिकार नाकारता येणार नाही, असे १८७० साली ठरले.

आम्ही संघटनेतली माणसे करार हाती आला की तो शेवटून वाचतो. पगारवाढ किती, हे पहिल्याच पानावर असते. पण करार पाळला नाही तर काय, हे शोधावे लागते. या तिन्ही दुरुस्त्यांच्या अखेरीस तसे कलम आहे. अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला आहे. मग एवढा पक्का करार बुडाला कसा?

पहिला घाव जमिनीवर पडला. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. सुमारे ४०,००० माणसे तिथे वसली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच मळ्यावर वाट्याने राबू लागला. बी-बियाणे आणि दाणागोटा उधारीवर घेता घेता पीक हाती येण्याआधीच ते दुसऱ्याचे होऊ लागले. आपल्याकडील कुळांना हे निराळे समजावून सांगायला नको.

दुसरा घाव कायद्यावर पडला. १८७७ नंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या पाठीवरचा केंद्र सरकारचा हात निघाला. सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला बंदी करणारी १८७५ च्या कायद्यातील कलमे सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली रद्द केली, आणि १८९६ साली प्लेसी खटल्यात आगगाडीचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. मतदारांसाठी कर आणि वाचनाच्या परीक्षा आल्या. १८७५ नंतर नागरी हक्कांचा पुढला कायदा काँग्रेसने केला तो १९५७ साली! मधली ८२ वर्षे हे कलम बहुतांशी निजून होते.

त्याला जागे केले ते सामान्य श्रमिकांनी. आगगाडीच्या शयनडब्यांत प्रवाशांची अंथरुणे घालणाऱ्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना काढली. पुलमन कंपनीने करार केला तो १९३७ साली. दरम्यान १९३५ साली संघटनेचा हक्क आणि वृद्धांना निवृत्तिवेतन देणारे दोन कायदे झाले. पण शेतमजूर आणि घरकामगार दोन्हींतून वगळले गेले. कृष्णवर्णी श्रमिकांचा फार मोठा भाग नेमका याच कामांत होता. १९४१ साली रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील भेदभावाला बंदी केली. २८ ऑगस्ट १९६३ चा मोर्चा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या मोर्चाचे नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांसाठीचा मोर्चा असे होते आणि ताशी दोन डॉलर किमान वेतन ही त्याची एक मागणी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यानंतर १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा झाला.

तरीही फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिले होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या किंग यांची ४ एप्रिलला हत्या झाली. १६ एप्रिलला संघटनेला मान्यता आणि पगारवाढ मिळाली. कायदे होऊन काही वर्षे लोटली होती, आणि तरीही माणसाला आपले माणूसपण फलकावर लिहावे लागत होते!

हिशेब अजून मिटलेला नाही. १९६५ च्या कायद्यातील ज्या तरतुदीने मतदानाचे नियम बदलण्याआधी काही राज्यांना केंद्राची संमती घ्यावी लागे, तिचा आधारच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतला. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर भरली, मधल्या कृष्णवर्णी कुटुंबाची ४४,९००. चाळीस एकर परत घेतल्याचे व्याज अजून चढतेच आहे.

तेव्हा फुल्यांचा भरवसा चुकला काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी आपला ग्रंथ तिथल्या सरकारला वा घटनेला अर्पण केला नाही, लोकांना केला. अंमलबजावणीचे कलम आपोआप चालत नाही. लोक उभे राहतात तेव्हाच ते चालते, आणि ते घरी बसले की पुन्हा निजते. पोर्टरांनी आणि कचरा उचलणाऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा उठवले. त्या अर्पणपत्रिकेचे खरे मानकरी हेच लोक होत.