उपग्रहाला ऊन लागतं तेव्हा

"तिकडे नक्की काय करतोस रे?" असं घरून कुणी फोनवर विचारलं, की मी सांगतो, "उपग्रहाच्या ऊन-सावलीचा हिशोब." अमेरिकेत या कामाला 'थर्मल अ‍ॅनालिसिस' असं भारदस्त नाव आहे. त्याचा इतिहास मात्र मजेदार आहे.

अवकाशात हवा नाही, त्यामुळे पंखा, वारा, फुंकर सगळं बाद. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर साधारण १३६० वॅट ऊन पडतं, आणि आलेली उष्णता बाहेर टाकायचा मार्ग एकच: उत्सर्जन. शिवाय खालच्या कक्षेतला उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा भाजायचं आणि तितक्याच वेळा गारठायचं!

१९५८ च्या 'एक्स्प्लोरर-१' चे फोटो पाहा. अंगावर पट्टे दिसतात. ती नक्षी नव्हे, तो अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर. उघडा धातू किती आणि पट्टा किती, या प्रमाणावर आतलं तापमान सांभाळलं होतं. एवढ्याशा नळकांड्याचं गणित हातानेही जमण्यासारखं होतं.

उपग्रह मोठे झाले तेव्हा विजेची उपमा कामी आली. तापमान म्हणजे व्होल्टेज, उष्णतेचा प्रवाह म्हणजे करंट, अडथळा म्हणजे रेझिस्टर आणि उष्णतेची साठवण म्हणजे कपॅसिटर. आधी लोक खरोखरच अशी जाळी बांधून मोजमापं घेत. १९६० च्या दशकात ते जाळं संगणकात गेलं. त्यातला गाजलेला प्रोग्रॅम 'सिंडा'. तो लिहिला चक्क मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लरने! त्यांचा अवकाश विभाग तेव्हा न्यू ऑर्लिन्सजवळ सॅटर्न रॉकेटचे पहिले टप्पे बांधत होता. पुढे नावातल्या 'क्रायस्लर'च्या जागी 'सिस्टिम्स' आलं, पण उच्चार तोच राहिला. त्याचे वंशज आजही वापरात आहेत.

उत्सर्जन मात्र तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं, आणि कुठला पृष्ठभाग कुठल्या पृष्ठभागाला किती 'दिसतो' हेही मोजावं लागतं. संगणक हे सगळं निमूटपणे करतो. पण बाहेर किती उष्णता आहे, ते आपणच सांगायचं असतं. खरी मेख इथेच आहे.

आपलं चांद्रयान-१ २२ ऑक्टोबर २००८ ला उडालं आणि १२ नोव्हेंबरला चंद्रापासून १०० किलोमीटरच्या कक्षेत पोचलं. नोव्हेंबर संपण्याआधीच त्याचं तापमान ५० अंशांवर गेलं. उन्हात तापलेला चंद्र खालून तव्यासारखा शेकत होता. यान सुमारे २० अंश वळवलं, काही उपकरणं बंद केली, तेव्हा ते ४० पर्यंत उतरलं. मे २००९ मध्ये कक्षा २०० किलोमीटरवर नेली. तेव्हा जाहीर कारण अधिक अभ्यासाचं दिलं होतं. २९ ऑगस्टला संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम दहा महिन्यांत संपली. चंद्रावर पाण्याचे रेणू सापडले ते मात्र याच यानामुळे.

सप्टेंबरमध्ये बंगळूरच्या उपग्रह केंद्राचे संचालक टी. के. अ‍ॅलेक्स यांनी खरं कारण सांगितलं: १०० किलोमीटरवर ७५ अंश धरले होते, प्रत्यक्षात त्याहून जास्त निघाले.

काहींना ही नामुष्की वाटली. मला नाही वाटली. कुठलं गृहीतक चुकलं हे कुणी आकड्यासकट सांगितलं, की या धंद्यातला माणूस आधी आपलं मॉडेल उघडून बघतो. ते आधीच, नोव्हेंबरात कळलं असतं तर अधिक बरं झालं असतं, इतकंच.