भिंती नसलेला क्लब

१९४९ साली जिनी लॉरी क्लीव्हलँडच्या टूमी पॅव्हिलियनमध्ये पोलिओग्रस्तांच्या सेवेसाठी जाऊ लागल्या. जन्म १९१३चा. आदल्या वर्षीच्या साथीत त्यांच्या दोन बहिणी दगावल्या होत्या. 'व्हर्जिनिया ग्रेस' हे त्यांचे नाव त्या दोघींचेच मिळून ठेवलेले. (गेलेल्याचे नाव बाळाला ठेवण्याचा प्रघात आपल्याकडेही आहे, ते ओझे निराळे समजावून सांगायला नको.)

एप्रिल १९५५मध्ये साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. रोगाची भीती ओसरली, तशी समाजाची आस्थाही. ज्यांना तो आधीच गाठून गेला होता ती माणसे मात्र घरोघरी, कोणी श्वासयंत्राला जोडलेली, खाटेवरच राहिली. त्यांचा परस्परांशी संबंध टिकावा म्हणून १९५८मध्ये एक वार्तापत्र निघाले. तेच पुढे 'टूमी जे गॅझेट'.

यात दयाबुद्धीचा सूर नव्हता. लिहिणारे बहुधा स्वतःच पक्षाघाताने जखडलेले. काहीजण दातांत काडी धरून टंकलेखन करीत. विषयही रोकडे: पुस्तकाचे पान कसे उलटावे, मदतनीस कसा मिळवावा, घरबसल्या चार पैसे कसे कमवावेत. १९७०मध्ये त्याचे 'रिहॅबिलिटेशन गॅझेट' झाले.

माझ्या मते खरी कसोटी पुढे लागली. दोन-तीन दशकांनंतर बऱ्या झालेल्यांचे स्नायू पुन्हा दुबळे होऊ लागले. अनेक डॉक्टरांना याचा उलगडा होईना. पण वाचकांच्या पत्रांतून तीच तक्रार वारंवार येत होती. १९८१मध्ये लॉरींनी शिकागोला परिषद भरवली आणि रुग्ण व वैद्य एकाच सभागृहात बसले.