चेक इंजिन दिवा आणि उत्सर्जनाचे दोषसंकेत : जुन्या मोटारींतील निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा जो पिवळा दिवा असतो, तो चेक इंजिन दिवा. नियमावल्यांत त्याला दोषदर्शक दिवा म्हणतात, गॅरेजात ‘चेक लाइट’. इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, म्हणजे ईसीयू, गाडी चालू असताना स्वतःच काही चाचण्या घेत असतो. एखाद्या बिघाडामुळे धुरातील प्रदूषके मर्यादेबाहेर जातील असे चाचणीत आढळले, की तो हा दिवा लावतो आणि एक दोषसंकेत, बोलीत ‘कोड’, स्मृतीत नोंदवतो. कोड कोणती चाचणी फसली ते सांगतो. कोणता भाग बिघडला ते बहुतेक वेळा माणसालाच शोधावे लागते. कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तो भाग बदलून टाकायचा, या सवयीने जुन्या गाड्यांवर फार पैसा वाया जातो. या नोंदीत प्रामुख्याने १९९६ नंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतील पेट्रोल गाड्यांचा विचार केला आहे.

इतिहास : या दिव्याचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की डोळे चुरचुरवणारे ते धुरके मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांवर उन्हाची क्रिया होऊन तयार होते. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र राज्य मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (पुढे ‘कॅट’) सर्रास बसू लागला. १९७६ साली बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या व्होल्व्हो गाड्यांत आला. धूर पाहून पेट्रोल कमी-जास्त करणारे नियंत्रण त्यामुळे शक्य झाले, आणि नियंत्रण आले तशी त्याच्या बिघाडावर नजर ठेवण्याची गरजही आली.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीत स्वनिदानाची सोय सक्तीची केली. तेव्हा प्रत्येक कंपनीचा खाक्या वेगळा होता. जनरल मोटर्सच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या जोडणीतील दोन टोके तारेने जोडली की चेक लाइट लुकलुकून दोन अंकी आकडा सांगे: आधी १२, म्हणजे स्वनिदान सुरू आहे, मग ४४ आला तर हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), ४५ आला तर घट्ट (पेट्रोल जास्त). ही पहिली पिढी ओबीडी-१ या नावाने ओळखली जाते. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सर्व कंपन्यांना एकच सोळा पिनांची जोडणी, एकच कोडभाषा आणि त्याच चाचण्या बंधनकारक झाल्या, हीच ओबीडी-२. युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून तिचीच आवृत्ती स्वीकारली. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालणे ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेरचा साधा फिटर या व्यवसायात टिकून राहिला यात त्या नियमाचा मोठा वाटा आहे.

कोडची रचना : पी०४२० हा कोड घेऊ. पहिले अक्षर ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स. बॉडीला ‘बी’, चासीला ‘सी’ आणि संगणकांच्या आपसांतल्या संवादाला ‘यू’. पुढचा शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड. तिथे १ असेल तर अर्थ बहुधा त्या कंपनीपुरता, आणि तो तिच्याच पुस्तकात पाहावा लागतो. तिसऱ्या स्थानावरचा आकडा विभाग सांगतो: १ व २ हवा आणि इंधन, ३ ठिणगी व मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे), ४ धूर आवरणारी साधने. उरलेले दोन आकडे नेमकी चाचणी दाखवतात.

दिवा केव्हा लागतो : बहुतेक चाचण्यांत दोष एकदा दिसून भागत नाही. गाडी चालवण्याच्या एका फेरीत दिसला तर कोड ‘प्रलंबित’ राहतो. पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की तो पक्का होतो आणि दिवा लागतो. नंतर लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी उत्तीर्ण झाली तर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र स्मृतीत राहतो आणि इंजिन साधारण चाळीस वेळा थंडावून पुन्हा गरम झाल्यावर पुसला जातो. सैल झाकणामुळे लागलेला दिवा पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट केल्यावर लगेच जात नाही, तो यामुळे.

दिवा लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळे. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळत आहे आणि कॅट वितळू शकतो, असा त्याचा अर्थ. अशा वेळी रेस कमी करावी आणि शक्य तितक्या लवकर इंजिन बंद करावे.

कोड पक्का होताना ईसीयू त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवतो: वेग, इंजिनाचे मिनिटाला फेरे, इंजिनाचे तापमान, इंजिनावरचा भार, इंधनाची दुरुस्ती. हा ‘फ्रीझ फ्रेम’ निदानातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. कोड पुसला की तोही पुसला जातो. म्हणून कोड वाचणारा स्कॅनर लावताच आधी कोड उडवून ‘परत येतो का बघू’ म्हणणारी पद्धत चुकीची आहे. आधी सगळे लिहून घ्यावे किंवा पडद्याचा फोटो काढावा.

पातळ मिश्रणाचा कोड : पी०१७१ म्हणजे पहिल्या बँकेत, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत, मिश्रण पातळ. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०१७४ असतो. ईसीयू सेन्सरचे वाचन पाहून पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, त्याला इंधन-ट्रिम म्हणतात. एक तात्कालिक, दुसरा दीर्घकालीन. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. वीस-पंचवीस टक्के पेट्रोल वाढवूनही वाचन सुधारत नाही, तेव्हा कोड येतो.

इथे स्कॅनरवर दोन वेळचे आकडे पाहिले की अर्धे काम होते. आयडलला ट्रिम अधिक वीस आणि २५०० फेऱ्यांवर अधिक तीन असेल, तर इनटेकमध्ये बहुधा कुठेतरी चोरून हवा शिरते आहे: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, सुकलेले गास्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणारी) फाटलेली नळी. आयडलला इंजिन कमी हवा ओढते, त्यात ही चोरटी हवा मोठा हिस्सा होते. रेस दिली की तिचा हिस्सा नगण्य ठरतो. उलट आयडलला ठीक आणि भार वाढला की ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही असे समजावे: पंप थकलेला, फिल्टर तुंबलेला, किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर धुळीने माखून कमी हवा सांगणारा. ज्या गाड्यांत एमएएफ नसून इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, आणि भारतातल्या बऱ्याच लहान गाड्या अशा आहेत, तिथे हा नियम तसाच लावू नये. चोरटी हवाही दाबातून मोजली जाते, ईसीयू तिच्या जोगे पेट्रोल देतो, आणि ट्रिमऐवजी आयडलचे फेरे वाढलेले दिसतात.

लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. हे विसरल्यामुळे निदान सर्वांत जास्त वेळा चुकते. एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल गेली की तिथले पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही पडतो. सेन्सरला तेवढाच दिसतो आणि तो ‘पातळ’ म्हणतो. मग ईसीयू सगळ्या सिलिंडरांना जादा पेट्रोल देऊ लागतो, धूर आणखी बिघडतो, कॅट तापतो. काही महिन्यांनी अशा गाडीत तीन कोड एकत्र सापडतात: मिसिंगचा पी०३००, पातळ मिश्रणाचा पी०१७१ आणि कॅटचा पी०४२०. मूळ दोष एका कॉइलचा असतो. एकाहून अधिक कोड असतील तेव्हा आधी मिसिंग, मग मिश्रण आणि शेवटी कॅट हा क्रम मोडू नये. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असेच खोटे ‘पातळ’ वाचन येते.

पी०४२० : कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली. जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत महागात पडणारा कोड हाच, कारण कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. ईसीयूला मात्र धुरातली प्रदूषके मोजता येत नाहीत. तो कॅटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन सेन्सर ताडून पाहतो. पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ दरम्यान सतत वरखाली होते. चांगला कॅट आतल्या सिरियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवतो, त्यामुळे मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. ती साठवणक्षमता संपत आली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो.

इंजिन पूर्ण गरम करून, २५०० फेऱ्यांवर धरून, दोन्ही सेन्सरांचे आलेख शेजारी पाहावेत. नक्कल दिसली तरी कॅट लगेच बदलू नये. एक्झॉस्टच्या सांध्यांत गळती नाही ना, मिसिंग नाही ना, ट्रिम ताळ्यावर आहे ना, इंजिन ऑइल जाळते का, कूलंट कमी होते का, हे तपासून घ्यावे. ऑइलमधला फॉस्फरस आणि कूलंटमधली सिलिकेटे कॅटच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करतात. कारण तसेच राहिले तर नवा कॅटही त्याच वाटेने जातो. मागचा सेन्सर एकटा बदलून पी०४२० जातो, हा समज जवळजवळ नेहमी खोटा ठरतो. स्थिर राहायला हवा तो सेन्सर हलत असेल, तर तो उलट चांगला काम करत असतो.

मागचा सेन्सर लांब नळीवर बसवून धुरापासून दूर ठेवणारे स्पेसर बाजारात मिळतात. त्यांनी दिवा विझतो आणि विष तसेच बाहेर पडत राहते. अमेरिकेत असे करणे बेकायदेशीर आहे. कायद्याची सक्ती नसेल तिथेही कोणी ते बसवू नये. सिग्नलला मागे उभा असलेला स्कूटरवाला तो धूर श्वासात घेत असतो.

बाष्प, ईजीआर आणि इतर कोड : टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनात जाळायची, ही बाष्परोधक यंत्रणा. मोठ्या गळतीला पी०४५५, सुमारे एक मिलिमीटर छिद्राएवढ्या गळतीला पी०४४२, अर्ध्या मिलिमीटरच्या गळतीला पी०४५६. आधी झाकणाची रबरी कडी पाहावी, मग ही वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. त्यापुढे धूर सोडून गळती दाखवणाऱ्या यंत्राशिवाय शोध घेणे म्हणजे अंदाज बांधणे. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत सोडणाऱ्या यंत्रणेतून, पुरेसा धूर परत येत नाही. व्हॉल्व्ह बदलण्याआधी काजळीने बंद झालेल्या वाटा खरवडून साफ कराव्यात. पी०१३५ लॅम्डा सेन्सरच्या हीटरचा. आधी फ्यूज पाहावा. पी०१२८ बहुधा उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटचा.

कोड उडवण्याचा परिणाम : कोड पुसला किंवा बॅटरी काढली, की चाचण्या पूर्ण झाल्याच्या नोंदीही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतात. अमेरिकेच्या संघीय मार्गदर्शनानुसार धूर-तपासणीत १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन आणि २००१ पासूनच्यांना एकच अपूर्ण चाचणी माफ असते, त्यामुळे आदल्या रात्री कोड उडवून नेलेली गाडी परत पाठवली जाते. चाचण्या पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात, काही वेळ आयडल, मग हायवेवर एकसारखा वेग असे चालवणे लागते. बाष्पाच्या चाचणीसाठी टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी चालत नाही.

भारतात : उत्सर्जनाची बीएस-४ मानके १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत लागू झाली, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, देशभर ती २०१७ साली आली. चारचाकींना ओबीडीचा पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा २०१३ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे इथली दहा-पंधरा वर्षांची गाडीही स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर व मोबाइल ॲपने वाचता येते, मात्र कंपनीपुरते कोड त्यात अनेकदा दिसत नाहीत. नेहमीच्या पीयूसी चाचणीत नळी सायलेन्सरला लावून पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ईजीआर ज्याला आवरतो ते नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. पी०४०१ घेऊन फिरणारी गाडी म्हणूनच पीयूसी बिनदिक्कत उत्तीर्ण होते.

मागाहून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतले पातळ-घट्टचे कोड फसवे असतात. सिक्वेन्शियल किटचा संगणक पेट्रोल इंजेक्टरांचे संकेत वाचून गॅस सोडतो. त्याची जुळणी चुकली की मूळ ईसीयू गॅसवर चुकीची ट्रिम शिकतो आणि तीच पेट्रोलवरही वापरतो. अशा गाडीत फ्रीझ फ्रेम टिपून घेतल्यावर गाडी काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवावी आणि ट्रिम पुन्हा पाहावी. पेट्रोलवर ती ताळ्यावर आली तर इंजेक्टर, पंप किंवा सेन्सरला हात न लावता किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर आणि जुळणी तपासायला गाडी सीएनजीच्या कारागिराकडे न्यावी.