रिकाम्या घराला पाऊस खातो

‘कॉन्व्हेंट’ म्हटले की आपल्यापुढे इंग्रजी शाळा आणि गळ्यात टाय घातलेली मुले उभी राहतात. मूळ अर्थ मात्र मठ. आणि बोलण्यात बहुधा नन राहतात तो मठ. असा एक जुना मठ आपल्या ओळखीच्या मुलुखात आहे. जुने गोवे येथील सांता मोनिका. तंजावरच्या वाचकांना त्याची हकिगत सांगावी असे वाटण्यास कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी १६०६ साली हा मठ स्थापन केला. बांधकाम १६२७ मध्ये पुरे झाले. १६३६ साली आग लागली आणि पुढच्याच वर्षी इमारत पुन्हा उभी राहिली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, तीन मजले, मधोमध चौक आणि सुमारे शंभर ननची सोय. गोव्याची प्रसिद्ध बेबिंका इथल्याच एका ननने प्रथम केली अशी गोष्ट सांगतात. खरेखोटे देव जाणे.

समोरच्याच बाजूला ऑगस्टीन पंथाच्या साधूंचा भव्य मठ होता. १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक पंथांवर बंदी आणली. पुरुषांचे मठ बंद झाले. स्त्रियांना राहू दिले, पण नवी दीक्षा देण्यास मनाई झाली. म्हणजे होत्या त्यांनी राहायचे आणि एकेक करून संपायचे. पन्नास वर्षे त्या बायकांनी आपल्या शेजारच्या खोल्या रिकाम्या होताना पाहिल्या असतील. शेवटची नन १८८५ साली वारली आणि वास्तू सरकारजमा झाली.

आता समोर पाहा. साधूंनी १८३५ साली सोडलेल्या त्या मठाच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आज एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. दगड तोच, पाऊस तोच. सांता मोनिका मात्र उभी राहिली, कारण तिथे कोणी ना कोणी राहत होते. ननच्या मागून पोर्तुगीज शिपाई आले. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर काही काळ आपले जवान राहिले. १९६४ पासून तिथे ननना धर्मशास्त्र शिकवणारी ‘मातेर देई’ संस्था आहे. राशोलच्या सेमिनरीत १९९४ साली सुरू झालेले ख्रिस्ती कला संग्रहालय २००२ मध्ये इथे आले आणि दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा खुले झाले. त्यातील हस्तिदंती मूर्ती आणि चांदीची उपकरणे यांत हिंदू कारागिरांचाही हात आहे. शिपायांची वस्ती मठाला शोभणारी नव्हती खरी. पण छप्पर गळले तर ओरडणारे कोणीतरी घरात होते.

तंजावरचा राजवाडा आपण रोज पाहतो. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे मुलगा मागे न ठेवता वारले आणि राज्य कंपनीने खालसा केले. तो वाडाही तगला तो नव्या कामांमुळे. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले झाले, १९५१ मध्ये कलादालन आले. जिथे दरबार भरे तिथे आज शाळेची मुले रांगेने फिरतात. राजांचा मान त्याने कमी झालेला नाही.

हे लिहिण्याचे कारण आता सांगतो. राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांत आपल्या मराठी घराण्यांच्या काही जुन्या घरांना कुलपे आहेत. किल्ली एका भावाकडे, कागद दुसऱ्याकडे, तिसरा परगावी. ‘वाडवडिलांची वास्तू, परक्याला कशी द्यायची?’ म्हणून ती तशीच राहते आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी खचते. तिथे एखादे वाचनालय, मुलांची मराठीची किंवा मोडीची शिकवणी, निदान एखादे भाडेकरू कुटुंब यायला काय हरकत आहे? नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या आपल्या मंडळींनाही जागा हवीच असते. वाडवडिलांच्या घरात दुसऱ्याचा दिवा लागला, तर तो त्यांच्याच घरात लागलेला असतो.